चांदूर बाजार का चांदूर रेल्वे? आधी शेपूट विचारा

चुलतबहिणीच्या लग्नाची पत्रिका. प्रेसवाल्यानं नुसतं "मु. पो. चांदूर, जि. अमरावती" छापलं अन् आमच्यातल्या कोणी नीट वाचूनच पाहिलं नाही. लग्नाच्या दिवशी अकरा वाजता मावसाजींचा फोन, "अरे बावा, मी चांदूरले उतरलो, मंडप कुठं हाय?" म्हटलं, मावसाजी समोर काय दिसते, तर म्हणे संत्र्याच्या गाड्या. झालं! लग्न चांदूर रेल्वेला अन् मावसाजी चांदूर बाजारात.

दोन्ही अमरावती जिल्ह्यातली, दोन्ही तालुक्याची गावं, म्हणून तर घोळ होते. पण तोंडं उलटीकडं आहेत. बाजारवालं अमरावतीहून परतवाड्याच्या अंगाला, चाळीसेक किलोमीटर. रेल्वेवालं वर्ध्याच्या अंगाला, तीसेक किलोमीटर. म्हणजे चुकलं की आधी अमरावती गाठा, मग पुन्हा दुसरी एसटी.

चांदूर बाजारचं शेपूट सरळ आहे, बाजाराचं गाव म्हणून बाजार. रेल्वेची गोष्ट मजेची आहे. जीआयपी म्हणजे इंग्रजांच्या काळातली रेल्वे कंपनी, तिची मुंबईकडून येणारी लाइन 1867 साली नागपूरला पोचली, ती बडनेऱ्यावरून या चांदूरला शिवून धामणगाव, वर्धा करत जाते. अमरावतीएवढ्या शहराला मेन लाइन मिळाली नाही, बडनेऱ्याहून फाटा काढावा लागला, अन् चांदूरला मात्र मेन लाइनवर स्टेशन, मग गाव तेच नाव लावून मिरवणार नाही तर काय! पुढच्या धामणगावालाही तेच शेपूट, धामणगाव रेल्वे, कारण धामणगाव गढी तिकडं अचलपूर तालुक्यात बसलेलं अन् धामणगाव बढे पार बुलडाण्यात.

गंमत अशी की चांदूर रेल्वेच्या स्टेशनवर पाटी पाहाल तर नुसतं "चांदूर". रेल्वेला स्वतःलाच सांगायची गरज नाही ना की मी रेल्वे आहे. अन् खुद्द गावातले, आजूबाजूच्या खेड्यातलेही नुसतं चांदूरच म्हणतात, "चांदूरले जाऊन येतो" म्हटलं की झालं. अचलपूरकडचा माणूसही हेच म्हणते, फक्त त्याचं चांदूर वेगळं. शेपूट आहे ते बाहेरच्यासाठी, पत्रिकेसाठी अन् एसटीच्या पाटीसाठी, जिथं "चां. बाजार" नाहीतर "चां. रेल्वे" लिहितात अन् पाटी धुळीनं भरली असली की मग कंडक्टरलाच विचारा.

असे जोड आपल्याकडं ढिगानं. अंजनगाव सुर्जी, जिथं 30 डिसेंबर 1803 ला दौलतराव शिंद्यांचा इंग्रजांशी तह झाला, अन् बडनेऱ्याजवळचं अंजनगाव बारी. नांदगाव खंडेश्वर हे महादेवाच्या देवळावरून, नांदगाव पेठ हायवेवर. कारंज्याचं तर विचारूच नका, नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान कारंजा लाड वाशिम जिल्ह्यात, अन् कारंजा घाडगे वर्धा जिल्ह्यात, नागपूर-अमरावती रोडवर. दर्शनाला निघालेला माणूस इथं उतरला तर दत्तगुरूच वाली.

आता अजून एक. अमरावती-नरखेड लाइन झाल्यापासून चांदूर बाजारलाही स्टेशन आहे, म्हणजे बाजारात रेल्वे आली अन् रेल्वेत बाजार आधीपासून भरतोच. नावं मात्र जिथल्या तिथं.

मावसाजी पोचले तेव्हा दुसरी पंगत उठत होती. ताटावर बसल्या बसल्या त्यांनी खिशातून पत्रिका काढली, पेन मागितला अन् चांदूरच्या पुढं ठसठशीत "रेल्वे" लिहून माझ्या हातात दिली.