आधी प्रार्थना, मग सिद्धान्त

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच परमेश्वर, ही ख्रिस्ती धर्मातली त्रैक्याची शिकवण. बायबलच्या नव्या करारात ती तयार सिद्धान्ताच्या रूपात सापडत नाही. शब्दांत नीट बसायला तिला साडेतीनशे वर्षे लागली. या काळाचा इतिहास बहुधा बिशपांची भांडणे आणि सम्राटांचे राजकारण म्हणून सांगितला जातो. दोन्ही होतेच, पण खरा धागा प्रार्थनेत आहे, असे मला वाटते.

इ.स. ११२ च्या सुमारास बिथिनियाचा रोमन सुभेदार धाकटा प्लिनी याने सम्राट त्राजानला कळवले, की हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस इथल्या प्राचीन उकिरड्यांत तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातला पपायरसचा एक तुकडा मिळाला. त्यावर ग्रीक स्वरलिपीसह पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे स्तवन आहे. स्वरलिपीसह हाती आलेले हे सर्वांत जुने ख्रिस्ती गीत. पुत्राचे स्थान ठरवणारी निकेयाची बिशपांची परिषद तेव्हा भरायचीच होती. लोक मात्र गात होते.

अडचण अशी, की देव एकच हा यहुदी वारसाही याच लोकांनी प्राणपणाने जपला होता. मग ख्रिस्ताची उपासना कशी चालते? काहींनी सुचवले, की एकच देव वेगवेगळ्या रूपांत प्रकटतो. तिसऱ्या शतकाच्या आरंभी कार्थेजच्या तेर्तुल्यान या ख्रिस्ती लेखकाने ते खोडून काढले: पुत्र पित्याला प्रार्थना करतो, तर दोघांत काही भेद असलाच पाहिजे. ‘तत्त्व एक, व्यक्ती तीन’ ही त्याची लॅटिन मांडणी पुढे पश्चिमेत रुजली.

इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या आरियस या धर्मगुरूने ३१८ च्या सुमारास दुसरे टोक गाठले. पुत्र सर्वश्रेष्ठ, पण निर्माण केलेला. तो नव्हता अशी एक अवस्था होती. वाद इतका पेटला, की सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ मध्ये निकेया (आजच्या तुर्कस्तानातले इझनिक) इथे परिषद बोलावली. पुत्र पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे, असे तिने ठरवले. हा शब्द पवित्र शास्त्रात (बायबलमध्ये) नाही, म्हणून अनेक बिशप अस्वस्थ होते. वाद मिटला नाहीच. निकेयाचा खंदा समर्थक, अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाला आणि सुमारे सतरा वर्षे आपल्या शहराबाहेर राहिला. त्याचा एक मुद्दा मला निर्णायक वाटतो: पुत्र निर्मित असेल, तर चर्च इतकी वर्षे एका निर्मित वस्तूची पूजा करत आले, असे म्हणावे लागेल.

हा वाद विद्वानांपुरता उरला नव्हता. निस्साचा बिशप ग्रेगरी ३८३ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलबद्दल (आजचे इस्तंबूल) सांगतो, की इथे पावाचा भाव विचारला तर ‘पिता थोर, पुत्र त्याहून कमी’ असे उत्तर मिळते. आंघोळीचे पाणी तापले का म्हणावे, तर पुत्र शून्यातून झाला असे ऐकवतात. ग्रेगरी वैतागला होता खरा, पण आपण कुणाची प्रार्थना करतो याची एवढी आच सामान्य माणसांना असावी, हे मला फार मोलाचे वाटते.

पवित्र आत्म्याचा प्रश्न तर थेट उपासनेतच उफाळला. ग्रेगरीचा थोरला भाऊ, सीझेरियाचा बिशप बेसिल, गौरवगीत दोन प्रकारे म्हणत असे: कधी ‘पुत्राद्वारे, पवित्र आत्म्यामध्ये’ पित्याला गौरव, तर कधी ‘पुत्रासह, पवित्र आत्म्यासह’. या ‘सह’वर टीका झाली, कारण त्याने आत्मा पित्याच्या बरोबरीला येत होता. बेसिलने ३७५ च्या सुमारास एक अख्खा ग्रंथ लिहून त्याचे समर्थन केले. बाप्तिस्मा तिघांच्या नावाने देतो, मग गौरवात एकाला खाली का बसवायचे?

बेसिल ३७९ मध्ये वारला. दोन वर्षांनी कॉन्स्टँटिनोपलची परिषद भरली. तिच्या नावे चालत आलेल्या विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या ठरलेल्या कबुलीत, पवित्र आत्म्याला ‘प्रभू’ आणि ‘जीवनदाता’ म्हटले आहे. ‘देव’ किंवा ‘एकतत्त्व’ हे शब्द तिथे त्याच्यासाठी येत नाहीत. पिता व पुत्र यांच्यासह ज्याची उपासना होते आणि ज्याला गौरव दिला जातो तो, अशी त्याची ओळख करून दिली आहे.