धूर कमी झाला म्हणजे ज्वालामुखी शांत झाला?

‘धूर ओसरला, धोका टळला’ हा समज जुना आहे, आणि वरवर पटतोही. पण दिसतो तो बहुतेक पाण्याचा वाफारा. मोजायचा तो शिलारसातून सुटणारा सल्फर डायऑक्साइड वायू, जो डोळ्यांना दिसत नाही. तो घटतो तेव्हा शिलारस निवलेला असतो, किंवा वायूची वाट बुजून आत दाब साठत असतो.

फिलिपाइन्सच्या पिनाटुबो ज्वालामुखीवर १९९१ मध्ये फिलिपिनो व अमेरिकी शास्त्रज्ञांनी मिळून या वायूचं मोजमाप केलं. १३ मेला दिवसाला सुमारे ५०० टन, २८ मेला ५,००० च्या वर, जूनच्या सुरुवातीला ३०० च्याही खाली! भूकंपमापकांवर मात्र शिखराखालचे उथळ धक्के वाढत होते. १५ जूनला महास्फोट झाला.

म्हणून ज्वालामुखी शांत झाला का हे पडताळताना वायूचा आकडा एकटा वाचू नये. त्याच दिवसांचे धक्के आणि जमिनीचा फुगवटाही पाहावा.