प्रश्नोत्तरे : शेती, पर्यावरण आणि ग्रामविकास

संसदेत किंवा राज्य विधिमंडळात सदस्याने आगाऊ लेखी सूचना देऊन मंत्र्याला विचारलेले शेती, वने, पर्यावरण, रोजगार हमी, पंचायत अशा विषयांवरचे प्रश्न आणि त्यांची अधिकृत उत्तरे. खात्याने किती पैसा दिला, किती अडकला, कोणत्या प्रस्तावाचे काय झाले, हे मंत्र्याच्या नावावर नोंदवून घेण्याचे एवढे स्वस्त साधन सदस्याकडे दुसरे नाही. ब्रिटनमध्ये पर्यावरण, अन्न आणि ग्रामीण व्यवहार ही कामे २००१ पासून एकाच खात्याकडे आहेत. भारतात ती डझनभर मंत्रालयांत विखुरली आहेत आणि त्यावर केंद्र–राज्य अशी आणखी एक वाटणी आहे. त्यामुळे इथे प्रश्न कसा लिहिला यापेक्षाही तो कोणाच्या दारात टाकला, यावर निम्मे काम ठरते.

ब्रिटिश राजवटीत कायदेमंडळाच्या सदस्यांना प्रश्न विचारण्याचा हक्क १८९२च्या कायद्याने मिळाला. फेब्रुवारी १८९३ मध्ये भिंग्याच्या राजांनी विचारलेला पहिला प्रश्न खेड्यातलाच होता : दौऱ्यावरच्या साहेबांच्या छावणीला रसद पुरवताना गावच्या दुकानदारांना होणारा जाच. उपप्रश्नाची सोय १९०९ मध्ये झाली, तीही फक्त मूळ प्रश्नकर्त्यापुरती.

लोकसभेत बैठकीचा पहिला तास, ११ ते १२, प्रश्नांचा असतो. राज्यसभेत २०१४च्या हिवाळी अधिवेशनापासून हा तास दुपारी १२ वाजता सुरू होतो. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे फक्त लेखी उत्तर पटलावर, म्हणजे सभागृहाच्या अधिकृत नोंदीत, येते. लोकसभेच्या रोजच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात, राज्यसभेच्या यादीत १५ आणि १६०. सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. आलेल्या सूचनांचा क्रम सोडतीने ठरतो. एका सदस्याचा एका दिवशी एकच तारांकित प्रश्न यादीत येऊ शकतो. तासाभरात साधारण पाच-सहा तारांकित प्रश्नच तोंडी होतात, उरलेल्यांची उत्तरे लेखी मानून पटलावर ठेवली जातात. २७ नोव्हेंबर २०१९ला लोकसभेत वीसच्या वीस प्रश्न पुकारले गेले, तेव्हा त्याची बातमी झाली, इतके ते दुर्मीळ. म्हणून सोडतीत पहिल्या पाचांत नाव आले नाही, तर तारा लागूनही उपप्रश्नाची संधी बहुधा हुकते.

मंत्रालयांचे गट पाडून प्रत्येक गटाला आठवड्यातला एक वार दिलेला असतो. अलीकडच्या अधिवेशनांत लोकसभेत पर्यावरण, वने व हवामान बदल मंत्रालयाचा वार सोमवार, तर कृषी आणि ग्रामविकासाचा मंगळवार राहिला आहे. हे वार अधिवेशनागणिक जाहीर होतात, ते पाहूनच सूचना भरावी लागते.

कांद्याचा पत्ता

चुकीच्या मंत्रालयाला विचारलेला प्रश्न एकतर दुसरीकडे वर्ग होतो किंवा ‘हा विषय या मंत्रालयाशी संबंधित नाही’ एवढ्यावर मिटतो. वर्ग होताना वार बदलतो, आठवडा जातो, कधी अधिवेशनच संपते. लासलगावच्या कांद्याचे उदाहरण घ्या. लागवड आणि उत्पादनाचे अंदाज कृषी मंत्रालयाकडे. निर्यातबंदी आणि किमान निर्यातमूल्य वाणिज्य मंत्रालयाच्या परकीय व्यापार महासंचालनालयाकडे. निर्यातशुल्क अर्थ मंत्रालयाकडे. नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत होणारी राखीव साठ्याची खरेदी ग्राहक व्यवहार विभागाकडे. बाजार समिती राज्याकडे. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली. मे २०२४ मध्ये ती उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क घेऊन. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेले, शुल्क २० टक्के झाले आणि १ एप्रिल २०२५ला तेही संपले. या प्रत्येक पावलाचा ‘का’ वेगळ्या मंत्र्याला विचारायला हवा होता. ‘कांदा उत्पादकांच्या अडचणी’ असा गोळाबेरीज प्रश्न कृषिमंत्र्यांना घातला की उत्तरात योजनांची यादी येते आणि बंदीबद्दल एक ओळही नसते.

खतांचा पुरवठा रसायने व खते मंत्रालयाकडे, कापूस महामंडळाची खरेदी वस्त्रोद्योगाकडे, पीककर्ज अर्थ मंत्रालयाच्या वित्तीय सेवा विभागाकडे. उसाच्या एफआरपीची (कारखान्याने द्यायच्या किमान दराची) शिफारस करणारा आयोग कृषी मंत्रालयाच्या हाताखाली, पण साखरेचा कारभार अन्न विभागाकडे. विकास सोसायट्यांसाठी जुलै २०२१ पासून सहकार मंत्रालय वेगळे आहे. ग्रामपंचायतीला येणारा वित्त आयोगाचा निधी पंचायत राज मंत्रालयाचा विषय, ग्रामविकासाचा नव्हे. नळाचे पाणी जलशक्तीकडे. ही यादी पाठ असलेला स्वीय सहायक सदस्याला भाषण लिहून देणाऱ्यापेक्षा जास्त उपयोगी.

पत्ता बरोबर असला तरी घटनेची सातवी अनुसूची आडवी येते. शेती राज्यसूचीत १४व्या क्रमांकावर आहे, पंचायती पाचव्या. वने आणि वन्यप्राणी १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत आले. केंद्रीय कृषिमंत्र्यांच्या असंख्य उत्तरांची सुरुवात म्हणूनच ‘कृषी हा राज्याचा विषय आहे’ अशी होते. हे वाक्य टाळायचे तर केंद्राचा स्वतःचा पैसा, स्वतःचा कायदा किंवा स्वतःची अधिसूचना यांवरच बोट ठेवावे लागते. रानडुकरांनी भुईमूग उकरला, त्याची भरपाई राज्य देते, ती केंद्राला विचारून उपयोग नाही. पण वन्यजीव कायद्याच्या कलम ६२ खाली रानडुकराला ठरावीक क्षेत्रापुरते उपद्रवी ठरवण्याचा अधिकार केंद्राचा आहे. राज्याचा तसा प्रस्ताव कोणत्या तारखेला आला आणि त्यावर काय निर्णय झाला, या प्रश्नाला बगल देता येत नाही. माणसाच्या जिवावर उठलेल्या बिबट्याबाबत परवानगी देणारा अधिकारी कलम ११प्रमाणे राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक, तेव्हा तो प्रश्न विधानसभेतच शोभतो.

पीकविम्यात तीन हात गुंतलेले असतात. शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी व फळपिकांना ५ टक्के. बाकीचा भार केंद्र आणि राज्य उचलतात आणि नुकसानभरपाई कंपनी देते. ‘भरपाईला उशीर का?’ असे विचारले की तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. अमुक हंगामासाठी राज्याचा हिस्सा कोणत्या तारखेला जमा झाला, केंद्राचा कोणत्या तारखेला आणि त्यानंतर किती दिवसांत कंपनीने किती दावे निकाली काढले, असे तीन खण पाडले की उशीर नेमका कुठे झाला ते कोष्टकातच दिसते.

‘हे खरे आहे काय’

लोकसभेच्या नियमाप्रमाणे प्रश्न साधारणपणे १५० शब्दांपेक्षा मोठा नसावा. त्यात युक्तिवाद, उपरोध, आरोप, विशेषणे चालत नाहीत. मत विचारता येत नाही, काल्पनिक परिस्थिती घालता येत नाही, न्यायप्रविष्ट, म्हणजे न्यायालयात चालू असलेली, बाब चालत नाही. गोवा–कर्नाटक वादातल्या म्हादई नदीच्या पाण्यावर लवादाचा निवाडा ऑगस्ट २०१८ मध्ये आला, वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि तेव्हापासून गोव्याच्या सदस्यांना हा शेवटचा नियम चांगलाच परिचयाचा झाला आहे.

महाराष्ट्र विधिमंडळाचा साचा वेगळा आहे. ‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात, पहिल्या भागात एक विधान आणि त्याच्या शेवटी ‘हे खरे आहे काय’, मग ‘असल्यास’ची साखळी आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’. ‘अतिवृष्टीग्रस्तांना मदत देण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे?’ हा प्रश्न ढिला आहे. त्याला ‘पंचनामे करून निकषांनुसार मदत देण्याची कार्यवाही सुरू आहे’ हे उत्तर न पाहता देता येते. तोच प्रश्न असा बांधता येतो :

(१) अमुक तालुक्यात अमुक महिन्यातील अतिवृष्टीचे पंचनामे पूर्ण होऊनही बाधित खातेदारांना मदत मिळालेली नाही, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, ३३ टक्के व त्याहून अधिक नुकसान झालेले जिरायत, बागायत व बहुवार्षिक पिकांखालील क्षेत्र आणि खातेदार प्रत्येकी किती;
(३) त्यांपैकी किती खातेदारांच्या बँक खात्यावर किती रक्कम कोणत्या दिनांकापर्यंत जमा झाली, तसेच ई-केवायसी, आधार जोडणी व सामाईक सातबारा या कारणांनी प्रत्येकी किती प्रकरणे प्रलंबित आहेत;
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

तीन प्रकार वेगळे मागण्याचे कारण दरात आहे. आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२–२६च्या निकषांत जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये आहेत. क्षेत्र कळले की देय रक्कम पाटीवर काढता येते आणि वाटलेल्या रकमेशी ताडून पाहता येते. सामाईक सातबाऱ्याचा मुद्दाही हौसेने घातलेला नाही : सहहिस्सेदारांची संमती नसली की पैसे तिथेच थांबतात आणि आकडा स्वतंत्र मागितल्याशिवाय कोणी तो सांगत नाही.

पहिल्या भागातली एखादी तारीख किंवा गावाचे नाव चुकले, तर ‘हे खरे नाही’ म्हणता येते आणि पुढच्या सगळ्या भागांपुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे तीन शब्द बसतात. वर्तमानपत्राच्या कात्रणावरून घाईत केलेले प्रश्न असेच पडतात. ‘हे अंशतः खरे आहे’ हे उत्तर मात्र मोलाचे. कोणता अंश खोटा, हाच मग उपप्रश्न.

संसदेतली पळवाट आणखी सफाईदार असते. पाच भागांच्या प्रश्नाला ‘(क) ते (ङ)’ असे एकत्र उत्तर दिले जाते. त्यात योजनेचा इतिहास येतो, उद्दिष्टे येतात आणि ज्या भागात आकडा मागितला होता तो गुपचूप गळतो. जिल्हानिहाय माहिती मागितली की ‘अशी माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही’. वनजमिनीच्या मंजुऱ्या विचारल्या की ‘परिवेश संकेतस्थळावर उपलब्ध’ (परिवेश म्हणजे पर्यावरण मंत्रालयाचे मंजुऱ्यांचे संकेतस्थळ). कालावधी दिला नाही तर खाते सोयीची वर्षे निवडते.

एकच गोष्ट दोन सभागृहांत विचारली तर दोन आकडे येऊ शकतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. शेतकरी आत्महत्यांवर केंद्र राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल पुढे करते. २०२२ साठी त्यात शेती क्षेत्रातल्या ११,२९० आत्महत्या आहेत : ५,२०७ शेतकरी आणि ६,०८३ शेतमजूर. हा आकडा पोलिसांच्या नोंदींवरून येतो. महाराष्ट्राचे उत्तर महसूल यंत्रणेकडून येते आणि त्यात ‘पात्र, अपात्र, चौकशीसाठी प्रलंबित’ असे तीन रकाने असतात. नापिकी, बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज आणि परतफेडीचा तगादा जुळले तर प्रकरण पात्र आणि वारसाला १ लाख रुपये. मजुराची आत्महत्या या कोष्टकात येतच नाही. फक्त पात्र प्रकरणांचा आकडा वाचून ‘आत्महत्या घटल्या’ म्हणणे किंवा दोन्ही आकडे शेजारी ठेवून कोणी लपवाछपवी केली म्हणणे, दोन्ही चूक. विचारायचे ते असे : अपात्र ठरलेल्या प्रकरणांत कारणनिहाय संख्या किती?

पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राबद्दलची उत्तरे एकाखाली एक लावून वाचावीत. अधिसूचनेचा पहिला मसुदा मार्च २०१४चा, सहावा ३१ जुलै २०२४चा. सहा राज्यांतले ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र, पैकी महाराष्ट्रात १७,३४०, गोव्यात १,४६१. मसुद्याची मुदत संपते, पुन्हा तोच प्रसिद्ध होतो आणि ‘अंतिम अधिसूचना कधी?’ या प्रश्नाला राज्यांशी विचारविनिमय चालू असल्याचे सांगितले जाते. इथे ‘कधी’ विचारणे व्यर्थ आहे. कोणत्या राज्याने कोणत्या तारखेच्या पत्राने किती गावे वगळायला सांगितली, हे विचारले तर निदान यादी हाती लागते.

उत्तरानंतर

तारांकित प्रश्नासोबत खाते मंत्र्यासाठी उपप्रश्नांची टिपणी तयार करते. छापील उत्तर पानभर असले तरी टिपणी जाडजूड असते. ती सदस्याला मिळत नाही, पण संभाव्य उपप्रश्न तिच्यात धरलेले असतात, म्हणून अपेक्षित उपप्रश्न वाया जातो. मूळ प्रश्नकर्त्याला दोन उपप्रश्न मिळतात. पहिला आकड्यातली फट दाखवणारा आणि दुसरा तारीख मागणारा, ही जुन्या सदस्यांची रीत.

‘तपासून पाहू’, ‘माहिती संकलित करण्यात येत असून पटलावर ठेवली जाईल’ अशी वाक्ये आश्वासन म्हणून नोंदवली जातात. ती तीन महिन्यांत पुरी करायची असतात, नाहीतर शासकीय आश्वासन समिती खात्याला जाब विचारते. लोकसभेची ही समिती १९५३ पासून आहे. मुरलेले खाते म्हणूनच ‘विचाराधीन’ हा शब्द जपून वापरते. उत्तर अपुरे वाटले तर लोकसभेत नियम ५५ खाली अर्ध्या तासाची चर्चा मागता येते.

सप्टेंबर २०२०च्या अधिवेशनात कोविडमुळे प्रश्नोत्तराचा तास नव्हता, फक्त अतारांकित उत्तरे आली. तीन कृषी कायदे त्याच अधिवेशनात संमत झाले, म्हणजे त्यांच्यावर कृषिमंत्र्यांना तोंडी उपप्रश्न विचारण्याची वेळच आली नाही. पुढे २०२१च्या हिवाळी अधिवेशनात या कायद्यांविरुद्धच्या आंदोलनात मरण पावलेल्या शेतकऱ्यांबद्दल लेखी प्रश्न आला. मंत्रालयाकडे अशी नोंद नाही, सबब मदतीचा प्रश्न उद्भवत नाही, असे उत्तर मिळाले.

चुकीचे उत्तर दिले गेले असेल, तर लोकसभेत अध्यक्षांच्या ११५व्या निर्देशाखाली सदस्य ती चूक लेखी दाखवून देऊ शकतो. मंत्र्यालाही दुरुस्तीचे निवेदन करता येते. ते वेगळ्या दिवशीच्या कामकाजात छापले जाते, म्हणून एखादा आकडा उद्धृत करण्याआधी त्याच अधिवेशनातली पुढची निवेदनेही चाळावी लागतात.