कलम ३७७

भारतीय दंडसंहितेतील ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंधांना शिक्षा सांगणारे कलम. १ जानेवारी १८६२ पासून अमलात. मूळ आठव्या हेन्रीच्या १५३३ च्या इंग्रजी कायद्यात. शिक्षा जन्मठेपेची, किंवा १० वर्षांपर्यंत कैद व दंड. कलमात ‘समलिंगी’ हा शब्दच नव्हता आणि संमतीलाही जागा नव्हती, त्यामुळे कागदोपत्री स्त्री-पुरुषांमधले काही संबंधही त्यात येत.

या कलमाखाली दीडशे वर्षांत २०० जणांवरही खटले चालले नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेच २०१३ मध्ये नोंदवले, आणि कलम कायम ठेवताना त्याचाच आधार घेतला. हा युक्तिवाद विचित्रच म्हणायचा, कारण कलमाचा खरा वापर कोर्टाबाहेर होता: समलिंगी पुरुषांना बागेत, स्टेशनात गाठून पैसे उकळणे, घरी सांगण्याची धमकी, चौकीतली मारहाण. एड्सविरोधी कामालाही त्याची झळ लागली. १९९४ मध्ये तिहार तुरुंगात कंडोम देण्यास नकार मिळाला, त्यातून कलमाविरुद्धची पहिली याचिका आली. २००१ मध्ये लखनौत एचआयव्ही-प्रतिबंधाचे काम करणाऱ्या चौघांना ४७ दिवस कोठडीत काढावे लागले.

त्याच वर्षी एड्सविरोधी काम करणाऱ्या नाझ फाउंडेशन या संस्थेने कलमाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. २ जुलै २००९ रोजी न्या. अजित प्रकाश शहा आणि न्या. एस. मुरलीधर यांनी प्रौढांच्या संमतीचे खाजगी संबंध गुन्ह्यातून वगळले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. चार वर्षे उघडपणे जगू लागलेली माणसे एका सकाळीत पुन्हा गुन्हेगार ठरली.

२०१७ मध्ये खाजगीपणा मूलभूत हक्क ठरला आणि त्या निकालातच २०१३ च्या तर्कावर ताशेरे ओढले गेले. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी भरतनाट्यम नर्तक नवतेजसिंग जोहर आदींच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने प्रौढांचे संमतीचे संबंध एकमताने गुन्ह्यातून वगळले. इतिहासाने समलिंगी समाजाची माफी मागायला हवी, असे न्या. इंदू मल्होत्रा यांनी त्यात लिहिले. विवाहाचा हक्क मात्र यातून आला नाही; ती मागणी १७ ऑक्टोबर २०२३ रोजी फेटाळली गेली.

संमतीविना केलेले संबंध आणि पशूंवरील अत्याचार यांच्यापुरते कलम उरले होते. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेही नाही, त्यामुळे प्रौढ पुरुषावरील बलात्कारासाठी वेगळे कलम उरलेले नाही.