विवराच्या तळाशी एक दिवस : न्योर्डलिंगन

म्युनिकहून निघून डोनाउव्योर्टला गाडी बदलली की न्योर्डलिंगनकडे जाणारी छोटी रेल्वे व्योर्निट्झ नदीच्या काठाकाठाने वायव्येकडे निघते. दोन्ही बाजूंना झाडीने भरलेल्या टेकड्या असतात, मधली दरी अरुंद असते आणि थोड्याच वेळात नदीवरच्या कड्यावर हारबुर्गचा जुना किल्ला दिसू लागतो. किल्ला मागे पडला की काही मिनिटांतच टेकड्या दूर सरतात आणि गाडी एका विस्तीर्ण, सपाट, शेतीच्या मैदानात शिरते. बहुतेकांचे डोळे अजून किल्ल्याकडेच लागलेले असतात, त्यामुळे हा बदल फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. हे मैदान म्हणजे रीस. सुमारे १ कोटी ४८ लाख वर्षांपूर्वी एका लघुग्रहाच्या आघाताने पडलेल्या आणि जवळजवळ २४ किलोमीटर व्यासाच्या खड्ड्याचा हा तळ आहे, आणि हारबुर्गजवळ आपण त्याची कड ओलांडून आत आलेलो असतो.

न्योर्डलिंगन हे बव्हेरियातील गाव या तळावर वसलेले आहे. त्याचा लेखी उल्लेख इसवी सन ८९८ इतका जुना आहे. मध्ययुगात ते थेट सम्राटाच्या अधिपत्याखालचे स्वतंत्र नगर होते, त्याच्या जत्रांना दूरदूरचे व्यापारी येत, आणि १६३४ मध्ये तीस वर्षांच्या युद्धातील एक मोठी लढाई त्याच्या वेशीबाहेर झाली. गावाला पाच वेशी आहेत, आणि त्यांना जोडणारा सुमारे २.७ किलोमीटरचा तट आजही अखंड आहे. त्याच्या छपराखालच्या फरसबंद वाटेवरून पूर्ण गावाला प्रदक्षिणा घालता येते. आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांत हा तट जवळजवळ वर्तुळाकार दिसतो, आणि त्यावरून पुष्कळांचा असा समज होतो की तट विवराच्या कडेवर बांधला आहे. तसे नाही. तटाचे वर्तुळ जेमतेम एक किलोमीटर रुंद आहे आणि खरे विवर त्याच्या वीसपटीहून मोठे आहे. गाव गोल आहे ते मध्ययुगीन नगररचनेमुळे. आघाताशी त्या गोलाईचा काही संबंध नाही.

आघाताशी संबंध आहे तो गावाच्या मधोमध उभ्या असलेल्या सेंट जॉर्ज चर्चचा. १४२७ मध्ये त्याचे बांधकाम सुरू झाले आणि १५०५ मध्ये ते पुरे झाले. त्याच्या ९० मीटर उंच मनोऱ्याला गावकरी लाडाने ‘डानिएल’ म्हणतात. आत जाण्याआधी पाच मिनिटे भिंतीजवळ थांबावे, अगदी हातभर अंतरावर. लांबून करडा-पिवळसर दिसणारा दगड जवळून पाहिला तर एकजीव नाही असे लक्षात येते. राखट रंगाच्या भुकटीसारख्या मातकट गाभ्यात वेगवेगळ्या खडकांचे कोनदार तुकडे रुतलेले आहेत, आणि त्यांच्यामध्ये काळसर, वेड्यावाकड्या, चपट्या पट्ट्या आहेत. काही पट्ट्या बोटाएवढ्या, तर काही तळहाताएवढ्या. या पट्ट्या काचेच्या आहेत. स्थानिक लोक त्यांना ‘फ्लेडले’ म्हणतात. त्या भागात सूपमध्ये धिरड्यासारख्या पदार्थाच्या पट्ट्या कापून घालतात, त्यांचे हे नाव. हा दगड सच्छिद्र आणि घडवायला सोपा आहे, पण ऊन-पावसात तो झिजतो, म्हणून चर्चच्या भिंतींची डागडुजी पुन्हा पुन्हा करावी लागली आहे. शास्त्रज्ञ त्याला ‘सुएव्हाइट’ म्हणतात. स्वाबिया या प्रांताच्या लॅटिन नावावरून हे नाव आले, आणि पुढे जगभरातील आघातविवरांतील अशा दगडाला तेच लागू झाले.

पाचशे वर्षे हा दगड लोकांच्या हाताखालून गेला. गवंड्यांनी तो घडवला, भाविकांनी त्याला टेकून विसावा घेतला, आणि पुढच्या काळात सिमेंटच्या मिश्रणात घालण्यासाठी त्याच्या खाणी चालल्या. त्यात काच आहे हे सर्वांना दिसत होते, आणि काच असलेला खडक म्हणजे ज्वालामुखीचा खडक हा निष्कर्ष त्या काळी अगदी स्वाभाविक होता. गोल खोलगट प्रदेश आणि त्यात राखेसारखा दगड आढळल्यावर दुसरे काय म्हणणार? अडचण एवढीच होती की बाकीचा पुरावा जुळत नव्हता. लाव्हारसाचे प्रवाह कुठेच सापडत नव्हते. चुनखडीचे प्रचंड ठोकळे मूळ जागेपासून कित्येक किलोमीटर दूर, त्यांच्याहून तरुण थरांच्या माथ्यावर पडलेले होते, जणू कोणी जमीन उलटी-पालटी करून टाकली होती. कोणी हिमनद्यांना जबाबदार धरले, तर कोणी जमिनीखाली कोंडलेल्या वाफेच्या एकाच महास्फोटाला. अशनीच्या आघाताची कल्पना १९०४ मध्येच मांडली गेली होती, पण तिच्याकडे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. मला वाटते, यात त्या भूशास्त्रज्ञांना दोष देता येणार नाही. आघाताची ओळख पटवणारी खूणच तेव्हा कोणाला माहीत नव्हती.

ती खूण प्रयोगशाळेतून आली. १९५३ मध्ये लोरिंग कोस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने सिलिकावर, म्हणजे साध्या वाळूतील आणि गारगोटीतील पदार्थावर, प्रचंड दाब देऊन एक नवे, अधिक घट्ट रचनेचे स्फटिक तयार केले. त्याच्या नावावरून त्याला कोएसाइट म्हणतात. रासायनिक घटक तेच, पण अणू दाटीवाटीने बसलेले. असे स्फटिक तयार व्हायला वातावरणाच्या वीस हजार पटींहून अधिक दाब लागतो. इतका दाब पृथ्वीच्या पोटात कित्येक दशक किलोमीटर खोलीवर असतो, पण जमिनीलगत तो कोणताही ज्वालामुखी निर्माण करू शकत नाही. १९६० मध्ये ॲरिझोनातील प्रसिद्ध अशनीविवरात नैसर्गिक कोएसाइट सापडले, आणि त्याच उन्हाळ्यात त्या शोधातील एक शास्त्रज्ञ, यूजीन शूमेकर, रीसमध्ये येऊन पोहोचले. ऑटिंग या गावाजवळच्या खाणीतून त्यांनी सुएव्हाइटचे नमुने घेतले आणि अमेरिकेत एडवर्ड चाओ यांच्याकडे पाठवले. चाओ यांनी क्ष-किरणांनी तपासून त्यात कोएसाइट असल्याचे सांगितले, आणि दोघांचा निबंध १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्वालामुखीचा वाद तिथे जवळजवळ निकालात निघाला. याच प्रवासात शूमेकर यांनी न्योर्डलिंगनच्या चर्चच्या भिंतीतही तोच दगड पाहिला. ज्या पुराव्यासाठी भूशास्त्रज्ञ अर्धे शतक भांडत होते, तो गावाच्या मुख्य चौकात ९० मीटर उंच रचून ठेवलेला होता.

हा आघात झाला कसा, हे आता बऱ्याच तपशिलाने सांगता येते. एक ते दीड किलोमीटर व्यासाचा लघुग्रह सेकंदाला सुमारे वीस किलोमीटर वेगाने आला. इतक्या वेगात वातावरण त्याला अडवू शकत नाही. तो वरचे कित्येक शे मीटर जाडीचे गाळाचे थर भेदून खालच्या ग्रॅनाइट आणि नाइसच्या कठीण खडकात घुसला, आणि त्याच्या गतीतील सारी ऊर्जा एका आघाततरंगाच्या रूपाने खडकात शिरली. आघातकेंद्राजवळचे खडक, आणि लघुग्रह स्वतः, वाफ होऊन गेले. त्याच्या बाहेरचे वितळले. त्याच्याही बाहेरचे चिरडले. म्हणूनच विवरात लघुग्रहाचा तुकडा शोधून सापडत नाही. क्षणभर तिथे काही किलोमीटर खोल खड्डा पडला, पण इतका मोठा खड्डा स्वतःच्या भाराने टिकत नाही. त्याचा तळ वर उसळला, कडा आत कोसळल्या, आणि काही मिनिटांतच आज दिसते तशी पसरट रचना तयार झाली.

बाहेर फेकल्या गेलेल्या राडारोड्याचे दोन निरनिराळे थर आहेत, आणि त्यांचा क्रम फार बोलका आहे. खाली रंगीबेरंगी तुकड्यांचा, तुलनेने थंड थर आहे. तो वरच्या गाळाच्या खडकांचा, जमिनीलगत घसरत, समोर येईल ते ओरबाडत गेलेला. त्याच्यावर सुएव्हाइट आहे, खोलवरच्या स्फटिकी खडकांचा, म्हणजे ग्रॅनाइट-नाइसचा, आणि तो तापलेला असतानाच येऊन बसला. त्यातील काही गारगोटीचे कण वितळून काच झालेले आहेत, ज्यासाठी १७०० अंश सेल्सियसहून जास्त तापमान लागते. कोणताही लाव्हारस इतका तापत नाही. सर्वांत दूर गेले ते पृष्ठभागावरच्या वाळूचे वितळलेले थेंब. ते उडत जाऊन आजच्या चेकियात, अडीचशे किलोमीटरहून दूर पडले, आणि ‘मोल्डावाइट’ नावाच्या हिरव्या काचेच्या रूपाने लोक ते आजही दागिन्यांत वापरतात.

रीसच्या सुएव्हाइटमध्ये हिरेही आहेत, आणि ‘हिऱ्यांचे गाव’ म्हणून न्योर्डलिंगनची जाहिरात बरीच होते. मूळ नाइस खडकात ग्राफाइट होते. आघाताच्या दाबाने त्यातील कार्बनाची रचना बदलून हिरा झाला. हे हिरे मिलिमीटरच्या अंशाएवढे आहेत, भिंतीकडे डोळे लावून उभे राहिले तरी एकही दिसणार नाही, आणि रत्न म्हणून त्यांना मोल नाही. त्यांच्यापेक्षा उघड्या डोळ्यांनी दिसणाऱ्या त्या काळ्या पट्ट्या पाहण्यासारख्या आहेत असे माझे मत आहे.

मग डानिएलच्या साडेतीनशे पायऱ्या चढाव्यात. वरून पहिल्यांदा लाल कौलांची छपरे, तटाचे कडे आणि त्याबाहेरची शेते दिसतात. नजर आणखी लांब नेली की क्षितिजावर गडद झाडीची एक पट्टी दिसते, आणि मनोऱ्याच्या सज्जात सावकाश गोल फिरत गेले की ती पट्टी जवळजवळ कुठेच तुटत नाही. ती विवराची कड. मैदानापेक्षा ती शंभर-दीडशे मीटरच उंच आहे, म्हणून खाली रस्त्यावरून ती साध्या टेकड्यांसारखी वाटते. त्या कडेच्या अलीकडे, मैदानातच, काही सुटे उंचवटे आहेत: गावाजवळची मारियनह्योहे टेकडी, आणि उत्तरेकडे वालरश्टाइनचा खडक. हे विवराच्या आतल्या, सुमारे बारा किलोमीटर व्यासाच्या दुसऱ्या कड्याचे अवशेष आहेत. तळ वर उसळला तेव्हा खोलवरचा स्फटिकी खडक या जागी पृष्ठभागापर्यंत आला.

आघातानंतर खड्ड्यात पाणी साठून तळे झाले, आणि ते लाखो वर्षे टिकले. सुरुवातीला पाणी खारे आणि अल्कधर्मी होते. लोणारच्या काठावर उभे राहून ज्याने ते हिरवट, उग्र वासाचे पाणी पाहिले आहे, त्याला या तळ्याची कल्पना सहज करता येईल. काठाजवळ शैवालांनी चुनखडीचे बांध घातले, आणि मधोमध गाळ साठत गेला. १९७३ मध्ये गावाजवळ १,२०६ मीटर खोल वेधछिद्र घेतले तेव्हा वरचे तीनशे मीटरहून जास्त थर निव्वळ तळ्याच्या गाळाचे निघाले. पुढे त्यावर वाऱ्याने आणलेली बारीक सुपीक माती बसली, आणि विवराचा तळ शेतीचे उत्तम मैदान झाला.

लोणारचा उल्लेख आला आहे तर दोन शब्द आणखी. लोणार सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, बेसॉल्टमध्ये पडलेले, वाडग्यासारखे साधे विवर आहे. तेही फार काळ ज्वालामुखीचे मानले जात होते, आणि १९७३ मध्ये तिथल्या खडकांत आघाताच्या दाबाने काच बनलेले फेल्डस्पार हे खनिज सापडल्यावर त्याचे मूळ पक्के झाले. रीस त्याच्याहून तेरापट रुंद आहे, आणि रुंदी वाढली की विवराचा आकारच बदलतो. वाडग्याऐवजी आतल्या कड्याचे पसरट ताट होते. लोणारमध्ये विवर एका नजरेत दिसते आणि रीसमध्ये मनोरा चढावा लागतो, याचे कारण हेच.

गावातील रीसविवर संग्रहालय १५०३ साली बांधलेल्या एका जुन्या कोठारात १९९० पासून आहे. तिथे अपोलो १६ ने आणलेला चंद्राचा खडक पाहायला मिळतो. एका छोट्या बव्हेरियन गावात तो का, याचे उत्तर १९७० च्या ऑगस्टमध्ये आहे. त्या महिन्यात अपोलो १४ चे ॲलन शेपर्ड आणि एडगर मिचेल, तसेच राखीव तुकडीतील यूजीन सर्नन आणि जो एंगल, रीसच्या खाणींत खडक ओळखण्याचे शिक्षण घ्यायला आले होते. ते वैमानिक होते, भूशास्त्रज्ञ नव्हते. अपोलो १४ जिथे उतरणार होते तो फ्रा मॉरो प्रदेश चंद्रावरच्या इम्ब्रियम या महाविवरातून उडालेल्या राडारोड्याने झाकलेला आहे, म्हणजे न्योर्डलिंगनच्या भोवती जे पसरले आहे त्याचेच प्रचंड रूप. फेब्रुवारी १९७१ मध्ये शेपर्ड आणि मिचेल यांनी तिथून आणलेल्या दगडांत बहुतेक दगड तुकड्यातुकड्यांचे, आघाताने सांधलेले निघाले. सर्नन पुढे अपोलो १७ मधून चंद्रावर गेले.

संध्याकाळी तटावरून एक फेरी मारायला तासभर पुरतो. रात्री दहा ते बारा दर अर्ध्या तासाने डानिएलवरचा पहारेकरी ‘सो, ग्झेल, सो’ अशी शतकानुशतकांची जुनी हाळी देतो. ती ऐकायची तर मुक्काम करावा लागतो. दिवसभरात परतणाऱ्याने गाडीत डाव्या-उजव्या दोन्ही खिडक्यांकडे लक्ष ठेवावे. मैदानाचे सगळे पाणी गोळा करून व्योर्निट्झ आग्नेयेकडे वाहते, आणि रूळही तिच्याच सोबतीने जातात. टेकड्या जवळ येऊ लागतात, दरी पुन्हा अरुंद होते, हारबुर्गचा किल्ला वर दिसतो, आणि नदी विवराच्या कडेतून वाट काढत डॅन्यूबकडे निघते.