जंतूंना रोखणारा धातूमिश्रित बायोग्लास

बायोग्लास म्हणजे अशी काच जी शरीरात बसवली की नुसती पडून राहत नाही, हळूहळू विरघळते आणि विरघळता विरघळता हाडाला घट्ट चिकटते. तिच्यात चांदी, तांबं, झिंक, गॅलियम असा एखादा धातू अगदी थोडा मिसळला की विरघळताना त्याचे आयन (विद्युतभार असलेले अणू) पण बाहेर पडतात आणि आजूबाजूच्या बॅक्टेरियाचा बंदोबस्त करतात, निदान कल्पना तरी अशी आहे.

मूळ काच अमेरिकेतली. फ्लोरिडा विद्यापीठात लॅरी हेंच यांनी 1969 मध्ये ती बनवली, नाव 45एस5, त्यात वजनाने 45 टक्के सिलिका, 24.5 टक्के सोडियम ऑक्साईड, तेवढाच कॅल्शियम ऑक्साईड आणि 6 टक्के फॉस्फरस पेंटॉक्साईड. खिडकीच्या काचेत सिलिका 70 टक्क्यांच्या वर असते, इथे ती मुद्दाम कमी ठेवलीय म्हणून ही काच पाण्यात टिकत नाही. आधी सोडियम-कॅल्शियम बाहेर जातात, भोवतालचा पीएच वाढतो (म्हणजे द्रव अल्कधर्मी होतो), मग पृष्ठभागावर सिलिकाचा जेलसारखा थर तयार होतो आणि त्यावर कॅल्शियम फॉस्फेट बसून हाडातल्या खनिजासारखं अ‍ॅपेटाईट बनतं. हाडाच्या पेशींना ते आपलंच वाटतं.

आता धातू कशाला? तर इम्प्लांटवर बॅक्टेरिया एकदा चिकट थर करून बसले, ज्याला बायोफिल्म म्हणतात, की अँटिबायोटिक आतपर्यंत नीट पोचत नाही, त्यात इन्फेक्शनमुळे मेलेल्या हाडाला रक्तपुरवठा नाही म्हणजे औषध तिथे जाणार तरी कसं, शेवटी बऱ्याचदा पुन्हा ऑपरेशन. मग औषध इम्प्लांटच्या जागेवरूनच हळूहळू सुटलं तर बरं ना.

यात सगळ्यात जास्त काम चांदीवर झालंय. 2000 च्या आसपास हेंच यांच्याच लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या गटाने सोल-जेल पद्धतीने चांदीवाली काच केली आणि ई. कोलाय, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, स्यूडोमोनास या तिन्ही बॅक्टेरियांवर ती चालली. सोल-जेल म्हणजे काच वितळवायची नाही, द्रावणापासून जेल करून ते वाळवायचं आणि साधारण 600-700 अंशांवर तापवायचं. वितळवायला 1300 अंशांच्या वर जावं लागतं. चांदीचे आयन बॅक्टेरियाच्या आवरणाला आणि एन्झाईममधल्या गंधकाच्या गटांना चिकटून काम बंद पाडतात. पण त्यातल्या काही आयनांचे बारीक धातूकण झाले की काच पिवळसर-तपकिरी दिसायला लागते.

तांब्याचा जास्तीचा फायदा म्हणजे ते नवीन रक्तवाहिन्या फुटायला मदत करतं. झिंक हाडाच्या पेशींना मानवतं, पण काचेची जाळी घट्ट करतं म्हणून विरघळणं मंदावतं आणि अ‍ॅपेटाईटचा थर उशिरा येतो, म्हणजे एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं. मला स्वतःला गॅलियमची युक्ती सगळ्यात भारी वाटते: त्याचा आयन आकाराने लोहासारखा, बॅक्टेरिया लोह समजून आत घेतात आणि मग लोहाने करायची कामं त्याच्याकडून होत नाहीत.

खरी गोची डोसची. जे आयन बॅक्टेरियाला मारतात तेच जास्त झाले की आपल्या पेशींनाही मारतात, आणि चांदीच्या बाबतीत ही मधली जागा फार अरुंद आहे. शिवाय प्रयोगशाळेत बॅक्टेरिया वाढवायच्या आगरच्या (जेलीसारख्या पदार्थाच्या) बशीत काचेच्या गोळीभोवती बॅक्टेरिया नसलेलं स्वच्छ वर्तुळ आलं म्हणून लगेच हुरळून जायचं नाही, कारण शरीरातल्या द्रवात क्लोराईड आणि प्रथिनं भरपूर, बरीचशी चांदी त्यांनाच चिकटून वाया जाते. हाडासाठी ही काच स्कॅफोल्ड म्हणून, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या छिद्रांच्या साच्यात वापरायची तर आणखी एक अडचण: फोमवर काचेचा लगदा चढवून, फोम जाळून, उरलेला सांगाडा भट्टीत पक्का करताना 45एस5चे स्फटिक होतात आणि काच नीट विरघळत नाही.

गंमत म्हणजे हाडाच्या जुनाट इन्फेक्शनमध्ये डॉक्टर जी काच प्रत्यक्ष वापरतात तिच्यात यातला एकही धातू नाही. फिनलंडमधली एस53पी4 (53 टक्के सिलिका) नुसता पीएच आणि क्षारांची तीव्रता वाढवून बॅक्टेरिया मारते, साफ केलेल्या पोकळीत तिचे दाणे भरतात. धातूवाल्या बहुतेक काचा अजून पेशी, उंदीर आणि सशांच्या पुढे फारशा गेलेल्या नाहीत.