आधी रस्त्यावर ओंडके आले

१७ ऑगस्ट १९९०. क्रोएशिया, स्लोव्हेनिया, बोस्निया, सर्बिया अशा प्रजासत्ताकांचं संघराज्य असलेल्या युगोस्लाव्हियात पर्यटनाचा ऐन हंगाम. ॲड्रियाटिकच्या किनाऱ्यावर परदेशी पाहुण्यांची गर्दी, आणि त्याच किनाऱ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यांवर, क्रोएशियातल्या क्नीन गावाच्या परिसरात, सर्ब वस्त्यांतली माणसं झाडं तोडून ओंडके आडवे टाकत होती. क्नीनचे नगराध्यक्ष मिलान बाबिच पेशाने दातांचे डॉक्टर. झाग्रेबच्या क्रोएशियन सरकारने पोलिसांची हेलिकॉप्टरं धाडली, तर संघराज्याच्या हवाई दलाची मिग विमानं मध्ये आली आणि हेलिकॉप्टरं माघारी फिरली. या प्रकाराला पुढे 'ओंडका क्रांती' असं नाव पडलं. युद्ध मात्र त्या दिवशी सुरू झालं नाही.

ओंडके टाकणारे म्हणत, आम्ही गाव राखतोय. झाग्रेब म्हणे, आम्ही कायदा राखतोय. राज्यशास्त्राला रस आहे तो नेमका इथे, कारण दोघंही अगदीच खोटं बोलत नव्हते.

जॉन हर्झ यांनी १९५० साली याला 'सुरक्षेचा पेच' म्हटलं. मी भीतीपोटी बंदूक आणली, की ती पाहून तुम्ही दोन आणता. त्या दोन पाहून माझी भीती खरी ठरते. बंदूक बचावाची की हल्ल्याची, हे तिच्याकडे बघून कळत नाही. टॉमस शेलिंग चोराचं उदाहरण देत. रात्री खालच्या मजल्यावर खुडबुड ऐकून मालक बंदूक घेऊन उतरतो. समोर चोर, त्याच्याही हातात बंदूक. चोराने गुपचूप निघून जावं, हे दोघांनाही हवंय. पण 'आपण मारू या भीतीने तोच आधी मारेल' असं दोघांनाही वाटतं, म्हणून गोळी सुटते. हा पेच मुळात देशादेशांतला. बॅरी पोझेन यांनी १९९३ साली तो कोसळत्या राज्याला लावला: वरची सत्ता डळमळली की शेजारचं गावही परक्या देशासारखं वाटू लागतं.

गावागावांत एवढ्या बंदुका होत्या तरी कशा? १९६८ साली सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले, तेव्हा युगोस्लाव्हियाचे सर्वेसर्वा टिटो यांना धडकी भरली. पुढच्याच वर्षी 'प्रादेशिक संरक्षण दल' उभं राहिलं. शत्रू बाहेरून येईल, म्हणून शस्त्रं ठिकठिकाणच्या कोठारांत ठेवायची आणि ती चालवायला साध्या नागरिकांना शिकवायचं. बाहेरचा शत्रू आला नाही. कोठारं राहिली.

मे १९९०मध्ये संघराज्याच्या लष्कराने ही शस्त्रं ताब्यात घ्यायला सुरुवात केली. स्लोव्हेनियाने काही हिस्सा वाचवला, क्रोएशियाचं मात्र जवळजवळ सगळं गेलं. स्वतःचं सैन्य ठेवण्याची मुभा नाही, म्हणून क्रोएशियाने पोलिसांची भरती वाढवली, म्हणजे गणवेश पोलिसाचा आणि काम शिपायाचं. संरक्षणमंत्री मार्टिन श्पेगेल्य यांनी हंगेरीतून चोरून कलाश्निकोव्ह आणवल्या. लष्करी गुप्तहेरांनी त्यांचं बोलणं छुप्या कॅमेऱ्यात टिपलं आणि जानेवारी १९९१मध्ये ते दूरचित्रवाणीवर दाखवलं गेलं. क्रोएशियातल्या सर्बांनी ते पाहिलं, तेव्हा दुसऱ्या महायुद्धात उस्ताशांनी, म्हणजे क्रोएशियन फॅसिस्टांनी, केलेली सर्बांची कत्तल घराघरांत अजून आठवणीत होती. त्यातच डिसेंबर १९९०च्या नव्या घटनेत सर्बांचं राष्ट्रघटक, म्हणजे देश घडवणारा एक समाज, हे स्थान गेलं होतं. शेजाऱ्याच्या मनात काय आहे ते कळेना, की माणूस त्याच्या बापाने काय केलं ते आठवतो.

या पेचातून वाट काढू पाहणाऱ्याची काय गत होते, ते क्रोएशियातल्या ओसियेक शहराचे पोलीस प्रमुख योसिप राइल-किर यांच्याकडे पाहून समजतं. क्रोएशियन नाक्यावर जायचं, मग सर्बांच्या नाक्यावर, दोन्हीकडच्यांना समजावायचं, अडथळे काढायला लावायचे, हा त्यांचा दिनक्रम. १ जुलै १९९१ रोजी तेन्या गावाच्या नाक्यावर त्यांच्या गाडीवर गोळ्यांची फैर झाडली गेली आणि ते ठार झाले. झाडणारा क्रोएशियनच होता, राखीव पोलीस. दोन्ही बाजूंना ज्याच्या शब्दावर भरवसा होता, तो माणूसच गेला.

पण सगळं खापर भीतीवर फोडलं की नेते फार स्वस्तात सुटतात, आणि हे मला पटत नाही. बोस्नियाचं उदाहरण घ्या. १९९१च्या जनगणनेत तिथे ४३.५ टक्के मुस्लिम, ३१.२ टक्के सर्ब, १७.४ टक्के क्रोएट. मुस्लिमांच्या बाजूने 'पॅट्रिऑटिक लीग' ही सशस्त्र संघटना जमवाजमव करत होती, हे खरं. मात्र १९ डिसेंबर १९९१चं, राडोवान काराजिच यांच्या सर्ब पक्षाचं सूचनापत्र कागदावरच वाचावं. नगरपालिकांची त्यात दोन गटांत विभागणी आहे: सर्ब बहुसंख्य असतील तिथे 'अ', अल्पसंख्य असतील तिथे 'ब'. दोन्हीकडे संकट समिती नेमायची आणि अहोरात्र पहारा ठेवायचा. ही घाबरलेल्या माणसाची धावपळ नव्हे. इतरांची भीती हाताशी धरून केलेली ही आखणी आहे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कोझारा डोंगरावरचं टीव्हीचं प्रक्षेपण केंद्र सशस्त्र सर्बांनी ताब्यात घेतलं होतं. खालच्या गावांनी कोणाच्या बातम्या ऐकायच्या, हे मग बंदूक ठरवू लागली.

मार्च १९९२मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली, ती क्रोएशियासाठी. तिचे पहिले सेनापती लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे आणि १९७१च्या युद्धातले वीरचक्रविजेते. मुख्यालयासाठी बोस्नियातलं सारायेवो निवडलं होतं, कारण तिथे युद्ध नव्हतं. एप्रिलमध्ये शहराला वेढा पडला. मे महिन्यात मुख्यालयाचा बराचसा भाग सर्बियातल्या बेलग्रेडला हलवावा लागला.